तोफ मावशी आणि घडीचा घोडा

विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला त्या दिवसापासून भिंगरीचे पाय जमिनीला लागत नव्हते. तसे ते आधीही फारसे लागत नसत, म्हणून तर घरीदारी सगळे तिला भिंगरी म्हणत. पण आता गळ्यात पदक होतं, पदकाला निळी फीत होती, आणि ती फीत ती फक्त आंघोळीपुरती उतरवत होती. परीक्षकांनी तिच्या यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या होत्या. एकांनी तर वाकून बघताना चष्मा पाडला होता. पंधरा वर्षांच्या आयुष्यात यापेक्षा मोठा मान दुसरा कुठला असणार?

यंत्राचं नाव तिने ठेवलं होतं 'स्वयंघडी, आवृत्ती पहिली'. दिसायला तो चार पायांचा लाकडी घोडा होता. कमरेइतक्या उंचीवर एक आडवी दांडी, दांडीच्या दोन टोकांना दोन दणकट चाप, आणि चादरभर अंतरावर जमिनीवर जुन्या शिलाई मशीनचं पायडल. पायडलपासून घोड्यापर्यंत दोरी. चादरीची दोन टोकं चापांत अडकवायची, उरलेली दोन हातात घेऊन मागे चालत जायचं, पायडल दाबायचं. दांडी टुणकन उडी मारायची, चादरीला झटका बसायचा, सुरकुत्या गुल! मग पुढे येऊन टोकाला टोक जुळवायचं. दोन माणसांचं काम एक माणूस करणार, आणि तेही हात खांद्याच्या वर न उचलता.

हे 'हात न उचलता' भिंगरीने पदकासाठी काढलं नव्हतं. ते आईच्या डाव्या खांद्यासाठी होतं.

आई अकरा वर्षं मामाच्या लॉन्ड्रीत घडीच्या हॉलमध्ये होती. मोठ्या हॉटेलच्या चादरी धुऊन वाळून तिथे यायच्या आणि दोन-दोन बाया मिळून त्यांच्या घड्या घालायच्या. समोरासमोर उभं राहायचं, चार टोकं चार हातांत, हात वर, आणि झटका. दिवसातून शेकडो झटके. अकरा वर्षांनी खांदा म्हणाला, बस. डॉक्टर म्हणाले, एकही झटका नको. आणि मामा म्हणाला, "छोटे, येत्या सोमवारपासून तू काउंटरवर बस. घडीला मी नवीन बाई बघितलीय."

काउंटर म्हणजे काचेमागची खुर्ची, पावत्यांचा खिळा आणि 'ही पँट माझी नाही' म्हणणारी माणसं. आईने ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "दादा, त्यापेक्षा मला ड्रायरमध्ये घाल."

मामाला बहिणीचं मन मोडवत नव्हतं. शिवाय यंत्र म्हटलं की त्याच्या डोळ्यांत दिवे लागायचे. भाचीचा घोडा बघून तो खूश झाला, पण एक अट घातली. "जोडीत पद्धत एकच चालणार. तुझी आई घोड्यावर गेली तर तिची जोडीण काय हवेत घड्या घालणार? तिलाही घोडा घ्यावा लागेल. शनिवारपर्यंत तिला पटव. नाही पटलं, तर सोमवारी काउंटर."

म्हणजे सगळं येऊन अडलं आईच्या जोडिणीवर. आणि आईची जोडीण होती तोफ मावशी.

तोफ मावशी भिंगरीची सख्खी मावशी नव्हती, पण सख्ख्या मावशीनेही दिले नसतील इतके धपाटे तिने भिंगरीला लहानपणापासून दिले होते. आवाज असा, की ती बोलायला लागली की ड्रायर बंद पडलाय की काय असं वाटायचं. आणि यंत्र या प्रकाराबद्दल तिची मतं पक्की होती. त्यात तिची चूक नव्हती. मामाने आजवर काय काय आणलं नव्हतं! बटणं लावणारं मशीन आणलं, त्याने मामाचीच बाही टेबलाला शिवली. कपडे ओळखणारा कॅमेरा आणला, त्याने सगळे शर्ट 'उशी' ठरवले. फिरता पट्टा आणला, त्यावर आता मांजर झोपायचं, तेही पट्टा बंद आहे याची खात्री करून.

"तीन दिवस माना डोलवायच्या," तोफ मावशी नवीन येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची. "चौथ्या दिवशी यंत्र आपोआप मरतं. आपल्या हाताला रक्त लागत नाही."

सोमवारी दुपारी शाळा सुटल्यावर भिंगरी पदकासकट हॉलमध्ये हजर झाली. तिने तक्ता आणला होता. तक्त्यावर लाल बाण होते, हिरवे बाण होते, आणि 'वेळेची बचत' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

"मैत्रिणींनो," तिने सुरुवात केली.

"कोण मैत्रीण?" तोफ मावशी म्हणाली. "तुझी लंगोटी मी धुतलीय गं."

हॉलमध्ये खसखस पिकली. पण भिंगरी डगमगणारी नव्हती. तिने चादर चापांत अडकवली, मागे चालत गेली आणि आत्मविश्वासाने पायडल दाबलं. शाळेत एकेरी चादर होती, इथली होती दुहेरी. तिला जोर जास्त लागेल म्हणून भिंगरीने सकाळी स्प्रिंग बदलली होती. जरा जास्तच बदलली होती. दांडी उसळली, चाप सुटले, हातातली टोकं निसटली, चादर हॉलच्या छताकडे गेली, तिथे क्षणभर विचार करत थांबली आणि सावकाश मामाच्या डोक्यावर येऊन बसली.

मामा नखशिखांत चादरीत उभा. उद्‌घाटनाची वाट बघणाऱ्या पुतळ्यासारखा.

"हे असंच व्हायचं होतं का?" चादरीतून आवाज आला.

"नाही मामा."

"मग ठीक आहे. म्हणजे सुधारायला वाव आहे."

तोफ मावशीने चादर ओढून काढली, दोन हातांत ती झटकली आणि आईकडे टोकं फेकली. आईने ती झेलली. झेलताना तिचे ओठ किंचित आवळले गेले. भिंगरीला ते दिसलं.

मंगळवारी तिने स्प्रिंग बदलली, चापांना रबर लावलं, घोडा अगदी गाईसारखा गरीब करून टाकला. 'स्वयंघडीचे नऊ फायदे' असं लिहिलेला कागद भिंतीवर डकवला. संध्याकाळी येऊन बघते तर घोड्याच्या एका चापाला तोफ मावशीची छत्री लटकत होती, दुसऱ्याला डब्याची पिशवी. नऊ फायद्यांच्या खाली कुणीतरी पेन्सिलने दहावा लिहिला होता: 'छत्री चांगली वाळते.'

"मावशी, तू एकदा तरी वापरून बघ ना!"

"वापरतेय की. कालपर्यंत छत्री ठेवायला जागा नव्हती."

"आई, तू तरी सांग हिला."

आईने मिठाची गुळणी धरली. हीच तर पंचाईत होती. अकरा वर्षांच्या जोडिणीला 'तू नको, मला हे लाकूड चालेल' असं आई तोंडाने म्हणणं शक्यच नव्हतं. खांदा गेला तरी बेहत्तर.

बुधवारी मामाला राहवलं नाही. त्याने सुतारकाकांकडून दुसरा घोडा करून घेतला होता, पहिला नीट चालतोय की नाही हे ठरण्याआधीच. सकाळीच त्याने फर्मान काढलं: आज दिवसभर आई आणि तोफ मावशी घोड्यांवर. "आणि काम शास्त्रशुद्ध व्हायला हवं," असं म्हणून त्याने एक घोडा खिडकीकडच्या भिंतीला लावला आणि दुसरा दाराकडच्या. दोघींची तोंडं दोन भिंतींकडे. मध्ये अख्खा हॉल. "आता बघा लक्ष कसं लागतं कामात!"

लक्ष लागलं. हॉल इतका शांत झाला की इस्त्रीवाले आजोबा दोनदा विचारून गेले, कुणी गेलं की काय. तोफ मावशी भिंतीकडे तोंड करून चादरीमागून चादर घडी करत होती आणि तिचा चेहरा शिक्षा झालेल्या मुलासारखा झाला होता. पण घड्या होत होत्या, भराभर होत होत्या, बाराबाराचे गठ्ठे बांधले जात होते. आईने दिवसभरात एकदाही ओठ आवळले नव्हते. संध्याकाळी भिंगरी उड्या मारत घरी गेली. तिने मनातल्या मनात 'आवृत्ती दुसरी'चा तक्तासुद्धा रंगवून टाकला.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता हॉटेलच्या चादरी सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला. भिंगरी दुपारी पोचली तोवर मामाच्या कानाची पाळी अजून लाल होती.

"एका गठ्ठ्यात दहा!" मामा सांगत होता. "एकात चौदा. एकात पंधरा! बाई म्हणाल्या, आम्ही गठ्ठा उचलतो, मजल्यावर नेतो, बारा खोल्या करतो. काल दोन खोल्यांना चादरच पुरली नाही. एक पाहुणा पडद्यात गुंडाळून झोपला म्हणे! अकरा वर्षांत एक चादर इकडची तिकडे झाली नव्हती, छोटे. एक!"

"आम्ही मोजूनच बांधल्या रे," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"घोडा मोजू देत नाही," तोफ मावशी म्हणाली. "चौथा दिवस आहे आज. मी सांगितलंच होतं."

मामाने हात झटकले. "राहू दे भिंगरी. तुझ्यात डोकं आहे, पण हे काही जमायचं नाही. शनिवारी सुतारकाका घोडे घेऊन जातील. त्यांची एक खुर्ची होईल त्यात." मग जरा थांबून म्हणाला, "काउंटरला नाहीतरी चांगली खुर्ची लागेलच."

हे ऐकून भिंगरीला जे वाटलं ते पदकाने काही झाकलं गेलं नाही. तिने फीत गळ्यातून काढली, दप्तरात कोंबली आणि कपड्यांच्या टोपल्यांमागे फरशीवर फतकल मारून बसली. रडायचं असा विचार होता. पण रडायला बसलं की माणूस बघत बसतो, आणि बघत बसलं की दिसायला लागतं.

हॉलमध्ये सगळं पूर्वपदावर आलं होतं. आई आणि तोफ मावशी समोरासमोर. टोकं धरली, मागे गेल्या, झटका, पुढे आल्या. पुढे आल्या की तोफ मावशी एक वाक्य टाकायची.

"तर माझी नणंद काय म्हणाली असेल?"

"काय?"

मागे. झटका. पुढे.

"म्हणाली, हे भांडं माझं आहे."

"अगं बाई. मग?"

मागे. झटका. पुढे.

"मी म्हटलं, भांड्यावर नाव कुणाचं आहे बघ."

"मग?"

एका चादरीला एक वाक्य. ना कमी, ना जास्त. नणंदेने नाव वाचलं, नणंदेचा नवरा मध्ये पडला, नवऱ्याला चष्मा सापडेना, चष्मा त्याच भांड्यात निघाला. आणि शेवटी तोफ मावशीने सुस्कारा सोडला, "जाऊ दे बाई, आपल्याला काय करायचंय!" त्याबरोबर आईने नाडी ओढून गठ्ठा बांधला.

भिंगरीने टोपल्यांमागून हळूच जाऊन गठ्ठा मोजला. बारा.

पुढची गोष्ट सुरू झाली, तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाची. भिंगरी मध्येच ओरडली, "आई, आत्ता किती झाल्या?"

आई गोंधळली. "किती? अं... होतील की. अजून तिचा नवरा घरी यायचाय."

"पण आकडा?"

"अगं, तो घरी आला की भांडण, भांडण झालं की दार आपटणं, मग झालंच!"

जाऊ दे बाई, आपल्याला काय करायचंय. नाडी. बारा!

या दोघी मोजत नव्हत्याच! अकरा वर्षं त्या बोलत होत्या आणि गोष्टीची लांबी आपोआप बारा चादरींची झाली होती. त्यांना स्वतःलाही याचा पत्ता नव्हता. काल मामाने त्यांना भिंतींशी बोलायला लावलं, आणि भिंत कधी 'मग?' म्हणत नाही.

आणि तिला आणखी एक दिसलं. झटका मारताना आईचा डावा हात जेमतेम छातीपर्यंत जात होता. पण चादर मात्र पूर्ण झटकली जात होती, कारण तोफ मावशी दोघींच्या वाटचा झटका एकटीच मारत होती. दर वेळी उजवं मनगट जरा जास्त वळवून. आणि त्या मनगटाला, बाहीच्या आत, कळेल न कळेल असा पट्टा होता.

शुक्रवारी भिंगरी आली ती तक्ता न घेता. हातात फक्त वही. चहाच्या सुट्टीत ती तोफ मावशीशेजारी जाऊन बसली. आई तेव्हा नळावर कप विसळत होती.

"मावशी, माझ्या घोड्यात काय काय खोट आहे ते सांग. मी लिहून घेते."

तोफ मावशीने तिच्याकडे संशयाने बघितलं. "रडशील."

"नाही रडणार."

"सगळं सांगू?"

"सगळं."

बंद खोलीची खिडकी उघडावी तशी मावशी सुरू झाली. पायडल थंड लागतं. चाप नखं ओढतो. दांडी माझ्या मांडीला येते, मी काय पाणी पिणारा जिराफ आहे का? पाय डगमगतात, घोड्याचे. रंग प्रेतासारखा आहे. दोरीत चप्पल अडकते. नाव घेता येत नाही, 'स्वयं' म्हणेपर्यंत दोन चादरी होतात. भिंगरी खाली मान घालून भराभर लिहीत होती. एकदाही तिने 'पण' म्हटलं नाही. हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, परीक्षेपेक्षाही. सोळा उणिवा झाल्या. चहा गार झाला.

"सतरावी?" भिंगरीने विचारलं.

मावशीने गार चहाचा कप बाजूला सारला. "तो माझ्या जागेवर उभा असतो," ती म्हणाली. तोफेच्या मानाने फारच हळू.

भिंगरीने पेन खाली ठेवलं.

"तुला काय वाटतं, मला तुझ्या आईचा खांदा दिसत नाही? तिच्या वाटचे झटके मी मारते. चार महिने मारतेय. हा लाकडाचा घोडा मधे कशाला?"

"आणि तुझं मनगट?"

"हळू बोल!" मावशीने नळाकडे बघितलं. "तिला कळलं तर उद्याच जाऊन काउंटरवर बसेल ती. ओळखते मी तिला."

भिंगरीने आवाज खाली आणला. मग भिंगरी म्हणाली, "मावशी, तुम्ही दोघी मोजत नाही. माहीत आहे तुला?"

"काहीतरीच! मोजतो की!"

भिंगरीने तिला नणंदेचं भांडं सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरचा नवरा सांगितला, वाक्यं मोजून दाखवली. तोफ मावशीचं तोंड उघडं पडलं आणि पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर आलं नाही. मग ती हसायला लागली. बाक हलेपर्यंत हसली.

"म्हणून परवा पंधरा! भिंतीला काय सांगणार मी, कपाळ?" ती उठली, तरातरा गेली आणि दाराजवळचा घोडा पायाने ढकलत ढकलत हॉलच्या मधोमध घेऊन आली. "याला इथे ठेव. आणि तिचा आण माझ्यासमोर. घोड्याला तोंड नाही ना, मग घोड्यांची पाठ घोड्यांना, आणि तिचं तोंड मला दिसू दे!"

भिंगरी बघतच राहिली. दोन घोडे पाठीला पाठ लावून. एकीने आपल्या घोड्यापासून इकडे मागे जायचं, दुसरीने आपल्या घोड्यापासून तिकडे. दोघी एकदम पुढे आल्या की मधल्या दोन दांड्यांवरून समोरासमोर, हातभर अंतरावर! आठवडाभर बाण काढून जे तिला सुचलं नव्हतं ते मावशीने एका लाथेत करून दाखवलं होतं.

"मावशी!"

"ओरडू नकोस. आणि माझी दांडी वर घे. जिराफ तर जिराफ."

भिंगरीने त्या संध्याकाळी सोळापैकी पंधरा उणिवा दूर केल्या. पायडलवर जुन्या गालिच्याचा तुकडा, चापांना कापडाचे मोजे, दोरी नळीतून. रंग मात्र वाळायला वेळ नव्हता, म्हणून घोडे प्रेतासारखेच राहिले. नाव तिने स्वतःच खोडलं. घोडा म्हणजे घोडा.

शनिवारी सकाळी सुतारकाका हातगाडी घेऊन दारात उभे होते. मामा म्हणाला, "थांबा पाच मिनिटं. पोरीने शेवटचं एकदा बघायला सांगितलंय." आणि हातात खडू घेऊन भिंतीशी उभा राहिला, प्रत्येक चादरीला एक रेघ मारायला. या वेळी त्याचा कुणावर विश्वास नव्हता. घोड्यांवर तर नाहीच.

आईच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. "जमेल का गं?" तिने तोफ मावशीला विचारलं.

"तू फक्त 'मग?' म्हण," मावशी म्हणाली. "बाकी माझ्यावर सोड."

टोकं चापांत. मागे. पायडल. दोन्ही दांड्यांनी टुणकन उडी मारली. पुढे.

"माझ्या दिराने जुना सोफा घेतला."

"मग?"

मागे. टुण. पुढे.

"रात्रीपासून त्यातून आवाज येतोय, कट कट कट."

"अगं बाई. मग?"

मामा दोन रेघा मारत होता. एक आईची, एक मावशीची.

"दिराने गादी फाडली, आत हात घातला."

"मग?"

"हाताला काहीतरी चावलं!"

हॉलमधल्या दुसऱ्या जोडीने, म्हणजे सासू-सुनेच्या जोडीने, आपली चादर अर्ध्यावरच थांबवली. या दोघी एकमेकींशी वर्षभर बोलत नव्हत्या, त्यामुळे ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत घड्या घालायच्या. आता त्याही गप्प झाल्या. इस्त्रीवाले आजोबा दारात आले. सुतारकाका हातगाडी सोडून आत आले.

"बाहेर काढलं, तर कवळी!"

"कुणाची?"

मागे. टुण. पुढे.

"तेच तर! घरात कुणाचीच हरवली नव्हती."

आईने फक्त मान हलवली, कारण तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "मग?"

सगळ्यांनी वळून बघितलं. मामा खडू हवेत धरून उभा होता. त्याच्या रेघा आठावर थांबल्या होत्या, त्या कधी थांबल्या हे त्यालाही माहीत नव्हतं.

तोफ मावशी न थांबता पुढे गेली. दिराने कवळी घेऊन सोफा विकणाऱ्याचं घर गाठलं. दार उघडलं एका आजींनी. आजींनी कवळी बघितली, उचलली, तिथल्या तिथे तोंडात घातली आणि पहिलं वाक्य बोलल्या: आता माझा सोफापण परत द्या.

"जाऊ दे बाई, आपल्याला काय करायचंय!"

आईने नाडी ओढली. समोर तोफ मावशीनेही ओढली. दोन गठ्ठे.

मामाने भिंतीकडे बघितलं, मग गठ्ठ्यांकडे बघितलं. गुडघे टेकून त्याने एक गठ्ठा सोडला. बारा. दुसरा सोडला. बारा. त्याने पुन्हा मोजलं. मग सुतारकाकांना मोजायला लावलं, कारण त्यांना टेपने मोजायची सवय होती आणि ते कुणाचीच भीड ठेवत नसत. "बारा आणि बारा," सुतारकाका म्हणाले. "पण आजींना सोफा मिळाला का?"

"म्हणजे एका गोष्टीत दोन गठ्ठे," मामा स्वतःशीच पुटपुटला. तो उठला. धाकट्या बहिणीकडे बघितलं, तिच्या खांद्याकडे बघितलं. "छोटे, सोमवारी तू इथेच."

आईने पुढची चादर उचलली, जरा घाईनेच, जणू कुणीतरी शब्द परत घेईल.

"आणि त्या नवीन बाईचं काय?" भिंगरीने विचारलं.

"ती म्हणत होती, बसून करायचं काम असेल तर बरं. तिला काउंटर देतो." मामाने सुतारकाकांची हातगाडी स्वतः दाराबाहेर ढकलली.

खरी गंमत दुपारी तीन वाजता झाली. चादरी संपल्या. रोज सहा वाजेपर्यंत पुरणाऱ्या ढिगाच्या तळाची टोपली दिसायला लागली. तोफ मावशी कमरेवर हात ठेवून मामासमोर उभी राहिली.

"मालक, चादरी कुठायत?"

"संपल्या ताई! झालं आजचं!"

"झालं काय? माझ्या धाकट्या जावेचं अजून सांगायचंय. अर्ध्यावर सोडू? रात्री झोप लागेल का हिला?" तिने आईकडे बोट दाखवलं. "उशांचे अभ्रे आणा, टॉवेल आणा, काहीही आणा!"

मामा नव्या लग्नातल्या नवऱ्यासारखा लाजत टॉवेल आणायला धावला.

तेवढ्यात हॉटेलच्या बाई स्वतः आल्या. गुरुवारचा राग त्यांना प्रत्यक्ष काढायचा होता. पण दोन घोडे आणि त्यांच्यावरून चाललेलं बोलणं बघून त्या रागवायच्या विसरल्या. "हे कुणी काढलं?"

भिंगरीने छाती फुगवली, तोंड उघडलं.

"आम्हीच काढलं," तोफ मावशी म्हणाली. "पहिल्यांदा साफ चुकीचं होतं. भिंतीकडे तोंड! मग मी म्हटलं, मध्ये आणा. ही पोरगी होती मदतीला. हुशार आहे हं, सांगितलेलं ऐकते."

भिंगरीच्या जिभेवर आलेलं पदक, प्रदर्शन, दोन फेऱ्या, पडलेला चष्मा, सगळं एका रांगेत उभं राहिलं. तिने ते गिळलं. घशाखाली उतरायला वेळ लागला, पण उतरलं. कारण मावशी आता बाईंना गालिच्याचा तुकडा दाखवत होती, चापांचे मोजे दाखवत होती, आणि तिच्या आवाजात असं काहीतरी होतं जे भिंगरीच्या तक्त्याच्या एकाही बाणात नव्हतं. स्वतःच्या घराची खोली दाखवावी तशी ती घोडा दाखवत होती.

कुणीतरी भिंगरीची बाही ओढली. दुसऱ्या जोडीतली सून होती. तिने सासूकडे चोरून बघितलं आणि कुजबुजली, "आमच्यासाठीपण दोन कर ना गं. पण आमचे भिंतीला लावलेलेच बरे. एक या भिंतीला, एक त्या भिंतीला."

भिंगरी वहीत लिहून घेत होती तोवर सासूही दुसऱ्या बाजूने आली आणि तेच कानात सांगून गेली.

हसू दाबत भिंगरी आईकडे वळली. टॉवेलांचा ढीग आला होता, धाकटी जाऊ ऐन रंगात होती, आणि आई मागे जात होती, पायडल दाबत होती, पुढे येत होती, खदखदून हसत होती.

"आई," भिंगरीने विचारलं, "खांदा कसा आहे?"

"कुठला खांदा?" आई तिच्याकडे न बघताच म्हणाली. "थांब गं जरा. हिच्या जावेने पोलिसांना बोलावलंय."